सही, शिक्का आणि स्कॅन: एका सुधारित वेळापत्रकाचं प्रकरण

पेपर सकाळी दहाला सुरू झाला आणि एकला संपला. ती केंद्रावर पोचली सव्वा वाजता, दोनच्या पेपरसाठी हाताशी वेळ ठेवून. बरोबर लेखनिक होती. फाटकावरचा शिपाई म्हणाला, "ताई, पेपर तर मघाशीच सुटला की."

ती पूर्ण दृष्टिहीन आहे. तेव्हा पदवीच्या शेवटच्या वर्षाला होती, विषय अर्थशास्त्र. अभ्यासात पक्की, आणि कागदपत्रांच्या बाबतीत तर इतकी काटेकोर की अर्जांच्या मुदती आमच्या कक्षाला तीच आठवून द्यायची. त्यामुळे तिचा फोन आला तेव्हा मला आधी खरंच वाटेना. मी विद्यापीठाच्या दिव्यांग विद्यार्थी कक्षात समन्वयक आहे. विद्यापीठाचं, तिचं, कोणाचंच नाव इथे घेत नाही. तिला विचारूनच हे लिहिते आहे.

वेळापत्रक बदललं होतं. सुधारित परिपत्रक चार दिवस आधी संकेतस्थळावर आलं होतं. तिनं ते उतरवून घेतलं, उघडलं, त्यातून वेळ शोधून काढली आणि लेखनिकेला कळवली. लेखनिक दुसऱ्या शाखेची, तिनं वेळापत्रक पाहायचं काही कारण नव्हतं. एवढं सगळं करूनही दोघी चुकीच्या वेळी पोचल्या. असं का झालं याचा माग काढायला आम्हाला जवळपास महिना लागला.

तिच्या फोनवर काय झालं

दुसऱ्या दिवशी ती कक्षात आली. मी म्हटलं, "तू त्या दिवशी जे केलंस ते जसंच्या तसं मला करून दाखव."

तिनं फाइल उघडली. फाइलचं नाव ‘स्कॅन’ आणि पुढे एक आकडा, बाकी काही नाही. फोन बोलला, "पान 1, 2 पैकी," आणि गप्प झाला. तिनं बोट डावीकडून उजवीकडे फिरवलं, पुन्हा फिरवलं. काही नाही. "असं झालं की समजायचं मॅडम, फोटो आहे. याची सवय आहे." मग तिनं चित्रातली अक्षरं ओळखणारं एक अ‍ॅप उघडलं आणि फाइल त्यात टाकली. अ‍ॅप वाचायला लागलं. पण वेळापत्रक म्हणजे तक्ता, आणि अ‍ॅपनं तो आडवा न वाचता उभा वाचला. आधी सगळ्या तारखा ओळीनं, मग सगळे विषय, मग सगळ्या वेळा. ती बोटांवर मोजत होती. पाचवी तारीख, पाचवा विषय, पाचवी वेळ. तो सगळा तक्ता तिनं डोक्यात पुन्हा उभा केला, आणि बरोबर उभा केला. पाचवी वेळ आली: "दुपारी 2 ते 5."

मी तिच्या फोनवरचं पान मोठं करून पाहिलं आणि पोटात गोळा आला. पाचव्या ओळीत ‘दुपारी 2 ते 5’ छापलेलं होतं खरं, पण त्यावर निळ्या पेनानं रेघ मारलेली होती. वरच्या मोकळ्या जागेत हातानं लिहिलं होतं, ‘स. 10 ते 1’, आणि शेजारी छोटी सही. अ‍ॅपला छापील अक्षरं कळली, पेनाची कळली नाहीत. तिला जेवढं दिलं गेलं तेवढं तिनं अचूक वाचलं होतं.

परीक्षा विभागातल्या एकांनी मला नंतर सहज विचारलं, "मैत्रिणीला विचारायचं ना एकदा?" वाईट हेतूनं नव्हे. पण शंका आली तर माणूस विचारतो. तिला शंका यावी असं त्या कागदात काहीच नव्हतं. तिच्या फोननं तिला पूर्ण, स्पष्ट उत्तर दिलं होतं. आणि डोळस विद्यार्थ्याला वेळापत्रक मैत्रिणीकडून खात्री करून घ्यावं लागत नाही, ही गोष्ट मला त्या माणसाला समजावून सांगावी लागली, याचं वाईट वाटलं.

‘विहित वेळेत प्रसिद्ध’

आम्ही फेरपरीक्षेचा अर्ज दिला. दोन ओळींचं उत्तर आलं: सुधारित वेळापत्रक विहित वेळेत संकेतस्थळावर प्रसिद्ध करण्यात आले होते, सबब विनंती मान्य करता येत नाही.

त्यातला ‘प्रसिद्ध’ हा शब्द मला टोचला. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांबाबतचा संयुक्त राष्ट्रांचा करार 2006 साली स्वीकारला गेला. त्याच्या एकविसाव्या कलमात सर्वसामान्यांसाठीच्या माहितीबद्दल अगदी नेमकं सांगितलं आहे: ती दिव्यांगांना वापरता येईल अशा स्वरूपात द्यायची, वेळेवर द्यायची आणि त्यासाठी जादा पैसे घ्यायचे नाहीत. यातलं ‘वेळेवर’ मला फार महत्त्वाचं वाटतं. सगळ्यांना माहिती सोमवारी मिळाली आणि हिला ती शनिवारी कोणीतरी वाचून दाखवली, तर हिच्यासाठी ती सोमवारी प्रसिद्ध झालेलीच नसते. मी टिपणी लिहिली, हे कलम त्यात उद्धृत केलं आणि कुलसचिवांकडे बैठक मागितली. बैठकीला दोन आठवडे होते, तोवर फाइलचा माग काढायचं ठरवलं.

फाइलचा प्रवास

परीक्षा विभागात वेळापत्रकं टाइप करणारे भाऊसाहेब निवृत्तीला आलेले. त्यांच्याकडे जाऊन मी म्हटलं, "भाऊसाहेब, हा कागद तुमच्याकडून निघाल्यापासून संकेतस्थळावर जाईपर्यंत कुठे कुठे जातो, ते मला सांगा." त्यांनी संगणकावर मूळ फाइल उघडून दाखवली. वर्डमध्ये, युनिकोड मराठीत (म्हणजे यंत्रालाही अक्षरं मराठी म्हणूनच कळतात), नीटनेटका तक्ता. प्रत्येक ओळीत एक पेपर. मी तिथेच पेन ड्राइव्हवर ती घेतली आणि कक्षात येऊन एनव्हीडीएवर लावली. (एनव्हीडीए हा दृष्टिहीनांसाठीचा मोफत स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम; 2006 साली मायकल करन या दृष्टिहीन तरुणानं ऑस्ट्रेलियात त्याचं काम सुरू केलं.) तक्ता ओळीनं वाचला गेला. रकाना बदलला की रकान्याचं नाव, मग मजकूर. काहीही अडलं नाही.

म्हणजे भाऊसाहेबांच्या टेबलावर हा कागद वाचता येत होता. पुढे त्याची प्रिंट निघाली. परीक्षा नियंत्रकांची सही झाली. शिक्का बसला. जावक क्रमांक पडला. या टप्प्यावर कोणाच्या तरी लक्षात आलं की एका पेपरची वेळ दुसऱ्या विषयाशी धडकते आहे. पुन्हा टाइप करायचं तर पुन्हा सही घ्यावी लागणार आणि साहेब बाहेरगावी; म्हणून फोनवर विचारून पेनानं दुरुस्ती केली आणि शेजारी छोटी सही मारली. मग स्कॅन. मग ईमेलनं संगणक विभागाकडे. मग संकेतस्थळावर. वाचता येणारा मजकूर सगळा वेळ भाऊसाहेबांच्या संगणकात पडून होता, आणि जगाला मिळाला तो त्या मजकुराचा फोटो.

संकेतस्थळाबद्दल मात्र सगळे निर्धास्त होते. मुखपृष्ठावर अक्षर लहानमोठं करायची बटणं होती, काळी पार्श्वभूमी करायचं बटण होतं आणि ठेकेदारानं दिलेला तपासणीचा अहवाल होता. अहवाल खोटा नव्हता. सुगम्यतेचे, म्हणजे संकेतस्थळ दिव्यांगांनाही वापरता यावं यासाठीचे, जे जागतिक निकष आहेत, ते वेबचे मानक ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेचे. पहिली आवृत्ती 1999 ची, मग 2008, 2018 आणि 2023. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातला फरक किमान 4.5 ला 1 हवा, सगळं काही माउसशिवाय करता यायला हवं, चित्राला पर्यायी मजकूर हवा, हे त्यात येतं. ठेकेदाराच्या स्वयंचलित तपासणीत यातल्या बऱ्याच गोष्टी उत्तीर्ण होत्या, कारण तिनं फक्त संकेतस्थळाची पानं तपासली होती. त्या पानांना जोडलेल्या फाइली तिनं उघडल्याच नव्हत्या. परीक्षा विभागाचं पान म्हणजे ‘येथे क्लिक करा’, ‘येथे क्लिक करा’, ‘येथे क्लिक करा’ अशी यादी, आणि प्रत्येक क्लिकमागे एक फोटो. मजकूर शक्य तिथे चित्र म्हणून न देता मजकूर म्हणूनच द्यावा, असा स्वतंत्र निकष त्याच निकषांमध्ये आहे.

मग आम्ही त्या सत्रातली सगळी परिपत्रकं, माहितीपुस्तिका, अर्ज काढून बसलो. स्कॅन तर होतेच. पण मला जास्त छळलं ते जुन्या फॉन्टनी. काही अभ्यासक्रम दिसायला उत्तम होते, स्कॅनही नव्हते, अक्षरं ठळक. आमच्या कक्षात संगणक शिकवणारा सहकारी स्वतः दृष्टिहीन आहे. त्यानं ‘विद्यार्थी’ या शब्दावर थांबून एक-एक अक्षर ऐकवलं: एफ, ओ, उभी रेघ, के, एफ, के, एच, झेड. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये आत रोमन अक्षरंच साठवलेली असतात, फॉन्ट त्यांच्यावर फक्त देवनागरीचा आकार चढवतो. डोळ्याला ‘विद्यार्थी’ दिसतं, यंत्राला ती रोमन अक्षरं दिसतात. युनिकोडमध्ये देवनागरी 1991 पासून आहे, पण जुनी फाइल उघडायची, तारीख बदलायची, पुन्हा चढवायची, असं वर्षानुवर्षं चालत आल्यानं तोच मजकूर तसाच पुढे आला. याची परीक्षा कोणालाही अर्ध्या मिनिटात घेता येते: फाइलमधली एक ओळ निवडा, नक्कल करून नोटपॅडमध्ये टाका. मराठी उमटली तर ठीक. भलतंच काही उमटलं, किंवा ओळ निवडताच आली नाही, तर ती फाइल कितीतरी जणांसाठी कोरी आहे.

बाकीचं थोडक्यात सांगते. रद्द झालेले पेपर फक्त लाल रंगात दाखवलेले होते. प्रवेशअर्ज काही मिनिटांत आपोआप बंद व्हायचा आणि वेळ वाढवून मागायची सोय नव्हती. हात थरथरणाऱ्या एका मुलानं तो तीनदा पहिल्यापासून भरला. प्रवेशाच्या मार्गदर्शनाचे व्हिडिओ होते, पण उपशीर्षकं यंत्रानं आपोआप घातलेली, त्यामुळे मजकूर भलताच. कर्णबधिर विद्यार्थ्यांनी ते व्हिडिओ पाहणं केव्हाच सोडून दिलं होतं.

बैठक

बैठकीला कुलसचिव, परीक्षा नियंत्रक, संगणक विभागाचे प्रमुख, भाऊसाहेब आणि आम्ही दोघं. मी लॅपटॉपचा पडदा सगळ्यांकडे पाठ करून ठेवला. सहकाऱ्यानं आधी संकेतस्थळावरची फाइल लावली. स्क्रीन रीडर पानाचा क्रमांक बोलला आणि थांबला. आम्ही काही न बोलता तसेच बसून राहिलो. नियंत्रकांनी विचारलं, "अडकलं का काही?" सहकारी म्हणाला, "नाही सर, एवढंच आहे त्यात." मग त्यानं भाऊसाहेबांची मूळ फाइल लावली. तारीख, वार, विषय, वेळ, ओळीमागून ओळ. नियंत्रक बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, "ही फाइल आपल्याकडे होती?"

पुढची चर्चा मात्र सरळ गेली नाही. संगणक विभागाच्या प्रमुखांचं म्हणणं, इतक्या जुन्या फाइली दुरुस्त करणं शक्य नाही, तेव्हा नियमात न बसणारं सगळं संकेतस्थळावरून काढून टाकू. तक्रारच उरणार नाही. हा प्रस्ताव ऐकायला सोपा वाटतो, म्हणून मी बर्कलीचं उदाहरण सांगितलं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेनं हजारो व्याख्यानं सर्वांसाठी मोफत खुली ठेवली होती. दोन कर्णबधिर व्यक्तींनी तक्रार केली की उपशीर्षकांअभावी त्यांना ती वापरता येत नाहीत. अमेरिकेच्या न्याय विभागानं 2016 साली तक्रारीत तथ्य असल्याचं कळवलं. त्यावर 2017 च्या मार्चमध्ये विद्यापीठानं 20,000 हून अधिक चित्रफिती आणि ध्वनिफिती सार्वजनिक वापरातून काढून घेतल्या. ज्यांनी उपशीर्षकं मागितली त्यांना ती मिळाली नाहीत, बाकीच्यांची व्याख्यानं गेली, आणि लोकांनी राग काढला तो तक्रार करणाऱ्यांवर. शेवटी 2022 साली विद्यापीठाला न्याय विभागाशी करार करून आपला ऑनलाइन मजकूर सुगम्य करण्याची हमी द्यावीच लागली. मी एवढंच म्हटलं, आमच्या एका मुलीनं वेळापत्रक वाचता यावं अशी मागणी केली आहे; उद्या वेळापत्रकच काढून टाकलं तर सगळे तिलाच बोल लावतील. कुलसचिवांनी तो प्रस्ताव तिथेच बाजूला ठेवला.

खरी अडचण सहीची होती. नियंत्रकांचं म्हणणं रास्त होतं: सही नसलेला कागद संकेतस्थळावर टाकला तर उद्या कोणीही बनावट वेळापत्रक फिरवेल आणि खरं कोणतं ते कळणार नाही. डिजिटल सहीचा विषय निघाला. त्याची प्रक्रिया लांबणारी होती. बराच वेळ गप्प बसलेले भाऊसाहेब तेव्हा बोलले. "साहेब, स्कॅनर यायच्या आधी आपण काय करत होतो? सायक्लोस्टाइलच्या प्रती काढायचो. प्रत्येक प्रतीवर साहेब सही करायचे का? नावाच्या वर ‘सही/-’ टाइप करायचो. सहीची मूळ प्रत फाइलला. कोणी कधी हरकत घेतली नाही."

आम्ही महिनाभर जे शोधत होतो ते उत्तर या माणसाकडे तयार होतं, आणि त्याला तोवर कोणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा फाइल कुठे कुठे जाते एवढंच विचारलं होतं, काय करावं हे विचारलं नव्हतं.

काय बदललं

त्याच आठवड्यात परिपत्रक निघालं, आणि ते स्वतः ‘सही/-’ पद्धतीनं निघालं. मूळ फाइलमधून थेट पीडीएफ करायची, नावाच्या वर ‘सही/-’ आणि खाली ‘मूळ प्रतीवर स्वाक्षरी आहे’. सही-शिक्क्याची प्रत दप्तरी. खरेपणासाठी जावक क्रमांक आणि विद्यापीठाचं अधिकृत पान. पेनानं दुरुस्ती बंद. बदल झाला तर नवा क्रमांक, नवं परिपत्रक, आणि पहिल्याच ओळीत काय बदललं ते वाक्यात: ‘अमुक विषयाचा पेपर अमुक तारखेला दुपारी 2 ऐवजी सकाळी 10 वाजता होईल.’ या ओळीचा उपयोग दृष्टिहीनांइतकाच बाकीच्या विद्यार्थ्यांनाही झाला. पूर्वी काय बदललं ते शोधायला सगळेच दोन तक्ते शेजारी ठेवून बसायचे.

तक्त्यात रकाने एकमेकांत जोडायचे नाहीत, शीर्षकाची ओळ शीर्षक म्हणूनच नोंदवायची, शब्द युनिकोडमध्ये, फाइलचं नाव विषयाला धरून. जुन्या फाइलींचं आम्ही सगळं एकदम अंगावर घेतलं नाही. ज्यावर कोणाची परीक्षा, प्रवेश किंवा शिष्यवृत्ती अवलंबून आहे ते आधी. उरलेलं जुनं कोणी मागितलं तर दोन कामाच्या दिवसांत वाचता येईल असं करून द्यायचं, आणि त्या पानावर तसं लिहून ठेवायचं. व्हिडिओंची उपशीर्षकं यंत्र करतं, पण एक माणूस बसून ती दुरुस्त करतो. तपासणीसाठी दिव्यांग विद्यार्थ्यांची मदत घेतो, आणि त्याचं त्यांना मानधन देतो. यावर मी अडून बसले. ही मुलं अभ्यास सोडून आमच्या चुका शोधणार आणि आम्ही ते फुकट करून घेणार, हे मला पटणारं नव्हतं.

भाऊसाहेबांनी त्यांच्या संगणकावर एनव्हीडीए बसवून घेतलं. आता वेळापत्रक पाठवण्याआधी ते एकदा ऐकतात. एकदा असं ऐकताना एका तारखेपुढे चुकीचा वार लागला आहे, हे त्यांच्या लक्षात आलं. तोच तक्ता तीन जणांनी वाचून मंजूर केला होता.

काय राहिलं

तिची खास परीक्षा झाली. ती चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली. पण निकाल वर्गातल्या इतरांच्या जवळपास दोन महिने मागाहून लागला, आणि ज्या विद्यापीठात तिला पदव्युत्तर शिक्षणाला जायचं होतं तिथली प्रवेशाची मुदत तोवर संपली होती. तो प्रवेश गेला. कुलसचिवांनी तिला दिलगिरीचं पत्र दिलं, वाचता येईल अशा फाइलमध्ये. तिनं ते माझ्यासमोर ऐकलं, फोन बंद केला आणि म्हणाली, "पत्र चांगलं आहे मॅडम." पुढे काही बोलली नाही.

संलग्न विभागांमधून अजूनही परिपत्रकाचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर फिरतात. एका विभागप्रमुखांना मी तीनदा पत्र लिहिलं आहे. प्रवेशअर्जाची वेळ वाढवता येते आता, पण चित्रातली अक्षरं ओळखून टाइप करायची पायरी अजून तशीच आहे. ठेकेदार दर महिन्याला पुढचा महिना सांगतो.

ती आता आमच्याच विद्यापीठात पदव्युत्तर वर्गात आहे. मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. "मॅडम, अभ्यासक्रमाची फाइल बोलते आहे, पण समीकरण आलं की नुसतं ‘चित्र’ म्हणते." संकेतस्थळावर समीकरणं वाचता येतील अशी लिहिण्याची पद्धत, मॅथएमएल, 1998 पासून उपलब्ध आहे. पण समीकरणं भाऊसाहेबांना टाइप करता येणार नाहीत, ती विषयाच्या प्राध्यापकांनाच करावी लागतील. दोघं तयार झाले आहेत. पहिल्या घटकात चौदा समीकरणं आहेत. त्यातली सहा झाली, आणि ती ऐकून पाहायला ती उद्या अकराला कक्षात येणार आहे.